फाल्गुनांतील पक्षिपाहणी आणि सोबतचें कुत्रें

रब्बी ज्वारीची काढणी उरकली, कणसें खळ्यावर आलीं आणि कडब्याच्या गंजी रचून झाल्या, म्हणजे शेतकऱ्यास सकाळचे दोन तास मोकळे सांपडतात. पंचांगाप्रमाणें वसंत ऋतु चैत्रापासून धरतात; परंतु भीमा-सीनेच्या खोऱ्यांत त्याची वर्दी माघ सरतां सरतांच येते. पहांटे अजून घोंगडी सोडवत नाहीं, दुपारीं मात्र ऊन चटकूं लागतें. या दीड महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, आपल्याच शिवारांत पाखरांची जी घडामोड चालते ती शेतकऱ्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं कशी पाहावी, पाहावयास जातांना कुत्रें सोबत असल्यास त्यास कसें न्यावें, आणि या पाहणीचा शेतीशीं संबंध काय, इतकें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमची नोकरी महसूल खात्यांतील. सात-बाराचे उतारे आणि पीकपाहणीचे तक्ते तपासण्यांत तीस वर्षें गेलीं. उताऱ्यांत लागवडीलायक क्षेत्राखालीं 'पोटखराब' म्हणून एक नोंद असते, ती वाचकांस माहीत आहेच. खडकाळ पट्टा, मुरमाड टेकाड, ओढ्याची घळ, पायवाट, असें जें जें नांगराखालीं येत नाहीं तें तें त्यांत पडतें. त्यांतील 'अ' वर्ग मुळांतच लागवडीस अयोग्य म्हणून आणि 'ब' वर्ग रस्ता, ओढा अशा सार्वजनिक उपयोगाचा म्हणून आकारणींतून सुटतो. ज्या जमिनीवर सरकारनें एक पैसा बसविला नाहीं ती जमीन कुचकामाची, असें कागद सांगतो. परंतु सकाळीं त्या जमिनीच्या कडेनें चालत गेल्यास असें आढळतें कीं, पिकावरची कीड वेंचणाऱ्या पाखरांपैकीं पुष्कळांचीं घरटीं याच पोटखराब्यांत, नाहींतर दोन शेतांमधल्या बांधावर असतात. खाटीक, वेडा राघू, टिटवी, कोतवाल, पिंगळा हीं सर्व मंडळी राबतात लागवडीच्या रानांत आणि राहतात आकारणी नसलेल्या रानांत. अलीकडे जेसीबी लावून टेकाडें सपाट करण्याची आणि शिमग्याच्या सुमारास बांध पेटवून देण्याची जी चाल पडली आहे, तिच्या जमाखर्चांत ही बाब सहसा कोणी धरीत नाहीं.

आतां जाण्याच्या वेळेविषयीं. मार्चच्या आरंभीं आमच्याकडे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. त्यापूर्वीं अर्धा तास घरांतून निघावें. जातांना पश्चिमेकडे तोंड करून जावें, म्हणजे ऊन आपल्या पाठीवर व पाखरांच्या अंगावर पडतें आणि रंग स्पष्ट दिसतात. उगवतीकडे पाहत चाललें तर सगळींच पाखरें काळीं. अंगांत पांढरें स्वच्छ धोतर-सदरा नसावा; मळखाऊ कपडा बरा. चालण्यापेक्षां थांबण्यांत अधिक वेळ घालवावा. एका बाभळीपासून वीस पावलांवर दहा मिनिटें उभें राहिल्यानें जें दिसतें, तें दोन कोस चालून दिसत नाहीं. आठपट दाखविणारी दुर्बीण असल्यास उत्तम, परंतु ती नाहीं म्हणून घरीं बसण्याचें कारण नाहीं.

कुत्र्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे. आमचा मोत्या गांवठी जातीचा, तांबूस रंगाचा, वस्तीवरच जन्मला. सकाळच्या फेरीस तो बरोबर असल्याचे फायदे आहेत. पुढच्या करवंदीच्या जाळींत तित्तर किंवा लावा दबून बसला असेल तर तें आपल्याआधीं त्यास कळतें. तो थबकतो, कान टवकारतो आणि एक पाय उचलून धरतो. त्याच्या नाकाच्या रोखानें पाहत राहिलें म्हणजे थोड्या वेळानें जाळींतून तित्तर मान वर काढतो. वाटेंत जनावर, म्हणजे साप, असला तर तीहि सूचना आधीं मिळते. उतारवयांतील एकट्या माणसास तेवढा आधार पुष्कळ आहे.

दुसऱ्या बाजूस, पाखरांच्या हिशेबीं कुत्रा म्हणजे कोल्हाच. ऑस्ट्रेलियांत सिडनी शहराजवळच्या रानवाटांवर याची मोजदाद करण्यांत आली व ती २००७ सालीं प्रसिद्ध झाली. दोरीला बांधलेलें कुत्रें घेऊन माणूस वाटेनें गेला, तर कोणीच न गेलेल्या वाटेच्या मानानें पक्ष्यांच्या जाती ३५ टक्के व एकंदर संख्या ४१ टक्के कमी भरली. कुत्रें बांधलेलें असतां ही गत. सुटें असल्यास काय होईल तें निराळें सांगावयास नको. यावरून कुत्रें घरींच ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. तें कोठून न्यावें व कोठून नेऊं नये एवढें पाळलें म्हणजे झालें. गाडीवाट, पांद आणि रोजच्या वहिवाटीचा बांध येथें माणूस व कुत्रें यांची पाखरांस संवय झालेली असते. तेथून खुशाल न्यावें. उघडा माळ, गवताची कुरणें व ओढ्यांतील वाळूचे पट्टे यांत होळीनंतर नेऊं नये, कारण तेथें जमिनीवर अंडीं असतात. दोरी चार हातांहून लांब नसावी. कारवानी जातीचें किंवा त्याच्या मिश्रणाचें कुत्रें असेल तर दोरी हातांतून क्षणभरहि सोडूं नये. ससा दिसला कीं त्यास धन्याची हांक ऐकूं येत नाहीं.

माळढोकाचें उदाहरण या बाबतींत डोळ्यांसमोर आहे. सोलापूर जिल्ह्यांत नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालीं झालें. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो. तें गेलें कीं त्या विणीचें सर्वस्व गेलें. माळ मोडून झालेली लागवड, विजेच्या तारा आणि मोकाट कुत्रीं या तिन्हींनीं मिळून त्याची ही दशा केली आहे. आज सबंध देशांत हा पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी उरला असून तो मुख्यतः राजस्थानांत आहे. आपल्या माळावरून तो जवळजवळ गेलाच.

मोकाट कुत्रीं वाढण्यामागें आणखी एक पाखराचीच हकीकत आहे. पूर्वीं गांवचें मेलेलें ढोर हाडकीच्या जागेवर टाकलें कीं गिधाडें तें बघतां बघतां साफ करीत. १९९० नंतरच्या दशकांत हीं गिधाडें एकाएकीं मरूं लागलीं. पांढऱ्या पाठीच्या जातीपैकीं शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं. जनावरांच्या सुजेवर व तापावर टोंचलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध त्यास कारण, असें २००४ सालीं सिद्ध झालें. तें टोंचलेलें जनावर लवकरच मेलें व गिधाडानें खाल्लें, तर त्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. जनावरांसाठीं या औषधाची बंदी २००६ सालीं झाली. पुढें माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या जनावरांकडे वळूं लागल्या म्हणून २०१५ सालीं त्यांवरहि निर्बंध आला. आणि तसेंच अपाय करणारीं केटोप्रोफेन व एसीक्लोफेनॅक हीं औषधें जनावरांसाठीं २०२३ सालीं बंद झालीं. मेलॉक्सिकॅम हें औषध तेंच काम करतें व गिधाडांस बाधत नाहीं. बैलास किंवा म्हशीस सुई देतांना डॉक्टरांस औषधाचें नांव विचारून घेण्यास शेतकऱ्यास काहीं खर्च पडत नाहीं. गिधाडें गेल्यावर तीं प्रेतें कुत्र्यांच्या वांट्यास आलीं. कुत्रीं वाढलीं आणि पिसाळलेल्या कुत्र्याचें भयहि वाढलें. म्हणून आपल्या सोबतच्या कुत्र्यास रेबीजची लस दरवर्षीं टोंचलेली असावी, आणि मेलेलें ढोर पडलें असेल त्या बाजूस त्यास नेऊं नये.

आतां प्रत्यक्ष पाहण्यासारखें काय तें सांगतों. प्रथम फुललेलीं झाडें. पळस, पांगारा व सांवर हीं तिन्ही झाडें या दिवसांत पानें टाकून फुलतात. त्यांच्या फुलांत मध असतो, म्हणून सूर्य वर येतां येतां तेथें बाजार भरतो. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, कावळे आणि थव्यांनीं येणाऱ्या भोरड्या. भोरडीस पुस्तकांतून पळसमैना म्हणतात. काळें डोकें, काळे पंख व गुलाबी अंग, अशी ती असते. ज्वारी हुरड्यांत असतांना गोफण घेऊन माळ्यावर जो उभा राहिला आहे, त्यास तिची निराळी ओळख करून द्यावयास नको. तिच्या धाडी पडल्या म्हणजे कणसांत दाणा उरत नाहीं. परंतु फाल्गुनांत तिची दुसरी बाजू दिसते. फुलांत चोंच घालून ती वर निघाली कीं कपाळाला पराग माखलेले असतात, व तसेंच माथें घेऊन ती दुसऱ्या झाडावर जाते.

ही पाखरें चैत्राच्या सुमारास येथून निघून मध्य आशियांतील गवताळ मुलखांत विणीसाठीं जातात. तेथें त्यांच्या पिलांचें मुख्य अन्न टोळ व नाकतोडे. चीनच्या शिनजियांग प्रांतांत भोरड्यांनीं घरटीं करावींत व टोळ खावेत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग व आडोसे बांधून ठेवतात. आपल्याकडे जिच्यामागें गोफण, तिला तेथें घर बांधून देतात. याच देशांत १९५८ सालीं धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम निघाली होती; कीड इतकी माजली कीं १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढावें लागलें. आमचें मत असें कीं, हुरड्याच्या दिवसांत भोरडीस जरूर हांकावें. पळसावर बसलेलीस उगाच उठवूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट जमिनीवर घडत असते आणि ती उभ्या माणसाच्या डोळ्यांस सहजासहजीं दिसत नाहीं. काढणीनंतर मोकळ्या पडलेल्या रानांत, धसकटें व ढेकळें यांच्यामध्यें, टिटवी मार्चपासून अंडीं घालूं लागते. घरटें म्हणजे काय, तर पायानें केलेला किंचित खळगा व भोंवतीं चार खडे. अंडीं बहुधा चार, मातकट रंगाचीं, त्यांवर काळपट डाग, आणि चौघांचीं निमुळतीं टोंकें आंतल्या बाजूस. दोन पावलांवरून पाहिलें तरी खडेच वाटतात. नर व मादी दोघेंहि आळीपाळीनें बसतात आणि २८ ते ३० दिवसांनीं पिलें बाहेर येतात. अंगावरचें पाणी सुकलें कीं पिलें चालूं लागतात, आणि आईनें इशारा देतांच जागच्या जागीं जमिनीला चिकटून पडतात. अशा वेळीं सुटें कुत्रें जवळ असेल तर पिलूं त्याच्या तोंडांतच जातें, कारण तें पळत नाहीं.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागली, कीं आपण घरट्याच्या जवळ आलों असें समजावें. तेथेंच थांबावें, कुत्र्यास जवळ ओढून घ्यावें व आल्या वाटेनें मागें फिरावें. घरटें शोधूं नये. परंतु रान आपलेंच असेल व नांगरट जवळ आली असेल, तर दुरून नजर ठेवून टिटवी कोठें बसते तें हेरावें आणि तेथून दहा हातांवर एक काठी रोंवावी. काठी अगदीं घरट्यापाशीं रोंवल्यास तिच्यावर कावळा येऊन बसतो व अंडीं त्यासच सांपडतात. नांगरट करतांना घरट्याभोंवतीं सहा फूट लांब व सहा फूट रुंद तुकडा सोडावा. तो ३६ चौरस फूट भरतो. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे हा गुंठ्याचा तिसावा हिस्सा झाला, आणि तोहि एक महिन्यापुरता. ट्रॅक्टर भाड्याचा असल्यास चालवणाऱ्यास आधीं दाखवून ठेवावें, नाहींतर तो वाकडा फाळ घ्यावयास तयार होत नाहीं.

टिटवीनें खोलगट जागीं अंडीं घातलीं तर पाऊस थोडा व उंचवट्यावर घातलीं तर पुष्कळ, असा समज आहे. एकाच वर्षीं एकाच शिवारांत एक घरटें ओढ्याच्या वाळूंत व दुसरें टेकाडावर आम्हीं पाहिलें आहे. पेरणीचा बेत टिटवीवर न सोडलेला बरा.

त्याच मोकळ्या रानांत डोंबारी नांवाचें चिमणीएवढें पाखरूं असतें. त्याचा नर सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खालीं येतो, आणि जमिनीपाशीं पुन्हां उसळी घेतो. नांव कशावरून पडलें तें पाहिल्याबरोबर कळतें. ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशानें त्याचें घरटें असतें. मुरमाड माळावर धाविक आढळतो. तांबूस डोकें, डोळ्यावरून गेलेला पांढरा व काळा पट्टा, लांब पांढुरके पाय. चार पावलें धांवणें, थांबणें, वाकून कीटक टिपणें, पुन्हां धांवणें, असा त्याचा क्रम. त्याचींहि अंडीं उघड्या जमिनीवर.

बांधावर आलें म्हणजे गर्दी निराळी. वेडा राघू मातीच्या उभ्या कडेंत हातभर बीळ कोरून आंत अंडीं घालतो. ओढ्याची दरड व उंच बांधाची बाजू त्यास फार पसंत. मधमाशा पाळणाऱ्यांची त्याच्याविरुद्ध तक्रार असते व ती खोटी नाहीं, परंतु माशा, गांधिलमाशा व उडते किडेहि तो तितकेच खातो. खाटीक बाभळीच्या कांट्यांवर टोळ, सरडे टोंचून ठेवतो. असा कांटा सांपडला तर मुलांस अवश्य दाखवावा. तित्तराची जोडी गवताच्या बुडाशीं अंडीं घालते. उंच गवतांत भोवत्या हा शिकारी पक्षी रात्रीं जमिनीवरच झोंपतो. तो थंडीपुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा. मार्च-एप्रिलमध्यें परत जातो, आणि येथें असेतों गवतावरून खालून खालून तरंगत नाकतोडे उचलतो. अशा नाकतोड्यांवर विषारी औषध पडलें तर तें पाखराच्या पोटांत जातें. अर्जेंटिनांत १९९५-९६ सालीं नाकतोड्यांसाठीं मोनोक्रोटोफॉस फवारलें गेलें, तेव्हां उत्तर अमेरिकेंतून थंडीपुरते तेथें गेलेले शिकारी पक्षी हजारोंनीं मेले.

बांध पेटविल्यानें वरील सर्व एकदम संपतें. गवत जळालें कीं बी व खोडकीड मरते असें पेटविणारे सांगतात. आमच्या पाहण्यांत पहिल्या पावसाबरोबर हरळी व लव्हाळा जळालेल्या बांधावर आधीं फुटतात, कारण त्यांचें बळ जमिनीखालीं असतें. जळतें तें पवना, कुसळी अशा गवतांचें वरचें आच्छादन, आणि त्यांत असलेलीं अंडीं. गवत नकोच असेल तर आश्विन-कार्तिकांत कापून गुरांस घालावें. त्या वेळीं घरटीं नसतात व वैरणहि होते.

कोतवालाचा उल्लेख वर आलाच आहे. चकचकीत काळा रंग व दुभंगलेली शेंपटी. म्हशीच्या पाठीवर, तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून तो उडता किडा हवेंत पकडतो व जमिनीवरची अळीहि उचलतो. हरभऱ्यांतील घाटे अळीसाठीं कृषिखातें पक्षिथांबे लावण्यास सांगतें, ते मुख्यतः याच्यासाठीं. पिकाच्या वर हात-दीड हात राहील अशी आडवी काठी बांधलेला खुंट, हेक्टरी ५० च्या आसपास, हें सर्वसाधारण प्रमाण आहे. मात्र ज्वारी शेजारीं असेल व दाणा भरूं लागला असेल तर थांबे काढून घ्यावेत. फाल्गुनांत हरभरा निघालेला असतो. परंतु कोतवाल कोणत्या झाडावरून कोणत्या शेतांत झेंपावतो हें याच वेळीं पाहून ठेवावें, आणि तें झाड सरपणासाठीं तोडूं नये. कोणतें पाखरूं खरोखर काय खातें हें शेकडों पाखरांचीं पोटें तपासून पाहण्याचें काम बिहारांतील पुसा येथें मेसन व लेफ्रॉय यांनीं केलें व तें १९१२ सालीं छापलें. तेव्हांपासून हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाहीं.

रात्रपाळी घुबडांची. जुन्या वाड्यांतील गव्हाणी घुबड व आंब्याच्या ढोलींतील पिंगळा अशुभ मानतात. पण त्या झाडाखालीं सकाळीं करड्या रंगाच्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या काठीनें फोडून पाहाव्या. आंत उंदरांचीं हाडें, दांत व केंस असतात. उंदरांसाठीं विषाचें आमिष घातलें असेल तर मेलेले व झिंगलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावेत, कारण ते घुबडानें खाल्ले तर घुबड मरतें आणि कुत्र्यानें खाल्ले तर कुत्रा. आमिष घातलेल्या बांधावरून कुत्र्यास कांहीं दिवस नेऊंच नये.

या सर्वांची नोंद ठेवण्यास एक साधी वही पुरे. पीकपाहणी आतां मोबाइलवर होते, परंतु या पाहणीस कागदच सोयीचा. तारीख, गट नंबर, पाखरूं, तें काय करीत होतें, एवढे चार रकाने. पहिला कोकीळ केव्हां ओरडला, तांबटाची ठोक-ठोक कोणत्या झाडावर, टिटवीचें पहिलें अंडें कोणत्या गटांत, भोवत्या शेवटचा केव्हां दिसला, पावशाची 'पेरते व्हा' ही हांक प्रथम केव्हां आली. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या म्हणजे कोणत्या बांधावर काय कमी झालें हें वादावांचून समजतें. नोंद करावी, पण अंडें उचलून घरीं आणूं नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे.

चैत्र उतरणीस लागला कीं सूर्य सव्वासहालाच वर येतो आणि आठ वाजल्यानंतर मुरूम तापूं लागतो. माणसाच्या पायांत वहाणा असतात, कुत्र्याच्या नसतात. म्हणून साडेआठच्या आंत परतावें. याच दिवसांत ओढ्यांतल्या उरल्यासुरल्या डबक्यांत टिटवी छातीपर्यंत उतरून पोटाचीं पिसें भिजवितांना दिसते, आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसते, त्यामुळें अंडीं उन्हांत शिजत नाहींत. त्या डबक्यावर कुत्र्यास पाणी पाजूं नये. त्याच्यासाठीं पाण्याची बाटली व एक वाटी घरूनच न्यावी.